बाटलीतली निळी झाक

सकाळचे ऊन कशेळ्याच्या दवाखान्यात पूर्वेच्या एकाच खिडकीतून येई. आधी ते सारवलेल्या जमिनीवर रेंगाळे, मग बाकाच्या पायावर चढे. आणि सावकाश फळीपाशी पोहोचले की क्विनाईनच्या बाटलीत, द्रावणाच्या काठाशी, एक पुसट निळी झाक उमटे. तरुण डॉक्टर वाल्मिकला ती फार आवडे. आज मात्र त्याने फळीकडे पाहिले नाही.

बाकावर इंदूबाई बसली होती. तिचा नवरा सदू पहाटे हिवतापाने गेला होता. दारात फौजदार उभे होते आणि दीर जयवंता ओरडत होता, "हिनंच इख घातलं! औषध प्यालं की दादाचं डोकं फुटायचं, कान वाजायचे!"

"डोकं कधी दुखायचं?" वाल्मिकने विचारले.

"पयली बाटली व्हती तवा," इंदूबाई म्हणाली. "शेवटचा डोस त्यांनी घेतलाच नाय. बुधवारी दुसरी नेली, तिनं नाय दुखलं. हसले बी. म्हनले, हे औषध शानं हाय गं."

"आणि ताप?"

"त्यो चढतच गेला."

"चला, बाई," फौजदार म्हणाले.

"थांबा."

वाल्मिकने तिने सोबत आणलेल्या दोन्ही बाटल्या उन्हात धरल्या. पहिलीच्या तळाशी उरलेला डोस निळसर झळकला. दुसरी नुसतीच पिवळट होती. तिचा थेंब त्याने जिभेवर घेतला.

"क्विनाईनने डोकं दुखतं, कान वाजतात. ते विष नव्हे. औषध पोटात गेल्याची ती खूण. उन्हात ही निळी झाक क्विनाईनचीच असते. दुसरीत क्विनाईनच नाही. लढाईमुळे ते मिळेनासं झालंय. ही कडू चव काडेकिराईताच्या काढ्याची आहे." तो फळीपाशी उभ्या असलेल्या कंपाउंडरकडे वळला. ही झाक ओळखायला त्यानेच वाल्मिकला शिकवले होते. "नामाकाका, बाटली तुम्ही भरलीत."

नामाने मान खाली घातली. "माज्या घरात तिघं तापानं पडलीत, सायेब. तेवढंच उरलं व्हतं, ते त्यांना पाजलं."

इंदूबाईने हळूच विचारले, "त्यांची डोकी दुखत्यात का, नामादादा?"

"दुखत्यात."



नामाला बाहेर नेताना फौजदार थबकले. "डॉक्टर, सदूच्या हातात बाटली कुणी दिली?"

"मी."

"झाक नाही, हे दिसलं नाही?"

"त्या दिवशी आभाळ होतं."

बुधवारी आभाळ नव्हते. ऊन फळीवर लख्ख पडले होते, सदूच्या बाटलीत निळी झाक नव्हती, आणि ते वाल्मिकने पाहिले होते.