आवाज बंद

"दादा संध्याकाळी सही करणार आहे," बहीण म्हणाली. "ब्रेक वेळेवर दाबला नाही, चूक माझी, अशा कबुलीवर. मजकूर बालवाडीच्या मालकांनीच तयार करून दिलाय. त्याला लिहायचाही त्रास नको म्हणून."

दादा म्हणजे बालवाडीच्या व्हॅनचा चालक. मुलं नुकतीच उतरली होती. पुढच्या उतारावर रिकामी व्हॅन थांबलीच नाही, भिंतीत घुसली. आता पाय मोडून इस्पितळात पडल्या पडल्या त्यालाच वाटू लागलं होतं, की आपण ब्रेक दाबलाच नसावा.

वहिनींनी चष्मा पुसला. त्या खासगी तपासाची कामं घेत; चालकाची बहीण त्यांच्याकडे मदत मागायला आली होती. त्यांचे दीर गाडी चालवत आणि, स्वतःच्या समजुतीप्रमाणे, डोकंही.

"सरळ आहे," दीर म्हणाले. "कुणीतरी ब्रेकची नळी कापली."

"मग चला भावोजी, नळी बघू."

बहीणही बरोबर निघाली. गॅरेजात व्हॅन चाकं काढून उभी होती. नळी शाबूत होती, ब्रेकचं तेलही भरलेलं. भावोजी हिरमुसले.

"मागच्याच महिन्यात ब्रेकचे पॅड नवे टाकलेत, ताई," मिस्त्री म्हणाला. "हे लोक गाडी हाकतात कशीही, आणि नाव आमचं खराब."

वहिनी वाकल्या. पॅड पार लोखंडापर्यंत झिजले होते. पाठीवर गंजाचे जाड पोपडे. कडेची पत्र्याची चिंचोळी पट्टी अर्ध्यातच संपत होती. तिचं टोक तेवढं चकचकीत.

एवढ्यात मालक आले. मुलांची सुरक्षितता हेच त्यांचं ब्रीद होतं. व्हॅनच्या पाठीवर रंगवूनही घेतलं होतं.

"व्हॅन फार किंचाळायची हो. पालक कुरकुरायला लागले. मिस्त्रीला म्हटलं, आवाज बंद करा. दुपारपर्यंत बंद. सांगितलं तेवढंच करतो, म्हणून तर मी दुसरीकडे जात नाही."

"चालक काही बोलला नव्हता?"

"पॅड बदला, पॅड बदला. ड्रायव्हर लोकांना रोज काहीतरी नवं हवंच असतं."

वहिनींचा आवाज एकदम खाली आला. त्या खऱ्या चिडल्या की असंच होई. भावोजी दोन पावलं मागे सरकले.

"महिन्याभरात इतका गंज चढत नाही, मिस्त्री. पॅड जुनेच आहेत. भावोजी, ही पट्टी कशाला असते?"

"शोभेला?"

"पॅड संपत आला की ही चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासते आणि किंचाळते. गाडी बनवणाऱ्यानं मुद्दाम ठेवलेली बोंब आहे ती. यांनी पॅड बदललेच नाहीत, बोंब मारणारी जीभ पक्कडीनं तोडली. तोड ताजी, म्हणून टोक चमकतंय."

मिस्त्रीनं मालकांकडे बोट केलं. "साहेबच म्हणाले, पॅड नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी? मुलं आत बसलेली असताना?"

"तुम्ही उगाच वाढवताय," मालक म्हणाले. "पालकांची तक्रार तर मिटली होती."

"मिटली. आता पोलिसांत माझी सुरू होईल."

बहिणीनं तोवर फोन लावला होता. "दादा, सही करू नकोस. पॅडच बदलले नव्हते त्यांनी."

पलीकडून दादाचा आवाज आला.

"म्हणजे ब्रेक मी दाबला होता?"

"दाबला होतास, दादा."