लाल रेघेखालचं पाणी

"अरे, नळातून चहा येतोय!" लेस्टर वॉशरूममधून ओरडला.

क्रिस्टा धावली. तिच्या नऊ वर्षांच्या भावाच्या हातातल्या ग्लासात खरंच तांबूस, गढूळ पाणी होतं. ख्रिसमस आटोपून बहीण-भाऊ मित्र ओजसबरोबर कालच वॉन शहरातून आले होते. ओजसच्या प्रभामावशीचं छोटं गेस्टहाउस इथे स्की रिसॉर्टच्या पायथ्याशी होतं. आठवडाभर नुसतं स्कीइंग करायचा बेत होता.

"झालं सुरू!" मावशीने कपाळाला हात लावला. "डोंगरावर स्नो गन्स चालू झाल्या की आमचं हे असं होतं."

"त्यांचा नळाशी काय संबंध?" क्रिस्टाने विचारलं.

"अगं, बर्फ कमी पडला की रिसॉर्टवाले पाण्याचा फवारा उडवून बर्फ बनवतात. ते पाणी उपसतात वरच्या ओढ्यातून. ओढा आटला की उरतो गाळ, आणि तोच ओढा आमच्या चाळीस घरांना पाणी पुरवतो! म्हणून आम्ही केस केलीय. निकाल लागेपर्यंत अट एकच. ओढ्यातल्या मोजपट्टीवरच्या लाल रेघेखाली पाणी गेलं, की उपसा बंद. रोजचा आकडा त्यांनी फलकावर लिहायचा. पण त्यांच्या फलकावर पाणी कायम भरपूर!"

तिघं तडक रिसॉर्टवर पोचले. फलकावर लिहिलं होतं : २८ डिसेंबर, ४२ सेंटिमीटर. २९ डिसेंबर, ४२. आज ३० डिसेंबर, ४२. लाल रेघ होती तीसवर.

"रोज बेचाळीस?" ओजस म्हणाला. "माझे मॅथ्सचे मार्क्ससुद्धा इतके सारखे नसतात!"

"ते तर रोज कमी होतात," क्रिस्टा म्हणाली. तेवढ्यात तिला मॅनेजर हॅलोरन दिसले. "सर, हे आकडे कोण मोजतं?"

"मी स्वतः!" हॅलोरन ऐटीत म्हणाले. "रोज सकाळी आठला, गुडघाभर बर्फ तुडवत!"

मुलं ओढ्याकडे निघाली. पूल आला आणि क्रिस्टा एकदम थांबली.

"थांबा! कुणीही पुढे पाऊल टाकू नका!"

"व्हाय? अस्वल आहे?" लेस्टर तिच्या मागे लपला.

"बर्फ बघा ना! मावशी सांगत होती, सत्तावीसला पडला, त्यानंतर पडलेला नाही. मग रोज इथे येणाऱ्या माणसाची पावलं कुठेयत?"

पुलापासून मोजपट्टीच्या खांबापर्यंत बर्फ कोरा करकरीत होता! क्रिस्टाने फोनवर भराभर फोटो काढले. मग तिघं लांबून वळसा घालून काठाने खांबापाशी गेले. बर्फाचा पापुद्रा बरोबर बेचाळीसवर होता.

"म्हणजे आकडा खरा आहे की!" ओजस हिरमुसला.

लेस्टरने स्कीच्या काठीने पापुद्र्याला टोचलं. ओजसने त्याचं जॅकेट मागून घट्ट धरलं होतं. कडाड्! पापुद्रा फुटला. खाली पोकळी होती! आणि पोकळीच्या तळाशी, अठराच्या खुणेवर, तांबूस पाणी.

"वरचा थर गोठला तेव्हा पाणी बेचाळीस होतं," क्रिस्टा हळूच म्हणाली. "नंतर त्यांनी खालून सगळं ओढून घेतलं."

प्रभामावशीने लगेच वकील सुमेधाताईंना बोलावलं. फोटो पाहून त्या खूश झाल्या, पण म्हणाल्या, "ते म्हणतील, आम्ही दुसऱ्या वाटेने जातो."

"मग वाट त्यांनाच विचारू या!" क्रिस्टा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोड आवाजात हॅलोरनना म्हणाली, "सर, शाळेच्या प्रोजेक्टसाठी पाणी कसं मोजतात ते दाखवाल? मावशी आणि या वकीलबाईही येतील बघायला."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? हॅलोरन निघाले. पुलाच्या डावीकडे वळले आणि कमरेपर्यंत बर्फात रुतले!

"सर," लेस्टर म्हणाला, "मोजपट्टी उजवीकडे आहे!"

हॅलोरन टोमॅटोसारखे लाल झाले. तिघांनी हात धरून त्यांना बाहेर ओढलं. बर्फ झटकत ते पुटपुटले, "पहिल्या दिवशी एका कामगाराने पुलावरूनच दुर्बिणीने पाहून सांगितलं होतं. नंतर... तोच आकडा लिहीत गेलो. खाली लोक पाणी पितात, हे डोक्यातच आलं नाही." त्यांनी तिथूनच फोन करून उपसा बंद करायला लावला, आणि सुमेधाताईंना सगळं लिहून दिलं.

डोंगरावरची घरघर थांबली. चार दिवसांनी मुलं निघाली तेव्हा पाणी चौतीसवर आलं होतं.

जानेवारीत एका संध्याकाळी मावशीचा फोन आला. क्रिस्टाने स्पीकर लावला.

"जिंकलो गं! आता मोजणी यंत्राने होणार, तीही चोवीस तास, आणि आकडे सगळ्यांना दिसणार. रेघेखाली पाणी गेलं तर पंप आपोआप बंद! सुमेधाताई म्हणतात, इतका सरळ पुरावा त्यांच्या हातात कधी आला नव्हता. आणि ऐका, निकालपत्रात तुमची तिघांची नावं छापलीयत!"

लेस्टरने फोन हिसकावला.

"मावशी, माझं नाव पहिलं आहे ना?"