पुंगळीवरचा अंगठा

आजही कुणी गोंदाची नळी उघडली की मला प्रशील आठवतो... हसू नका, आमच्या प्रेमाला वासच तो होता.

धुळ्याच्या आमच्या बोटांचे ठसे तपासायच्या लॅबमध्ये तो पहिल्यांदा आला, तेव्हा मी जेवायला डबा उघडला होता. पारोळ्याकडचा पोलीस शिपाई. हातातल्या सीलबंद पाकिटात कपाशीच्या शेतात सापडलेली गोळीची रिकामी पुंगळी.

"मॅडम, ठसा निघेल ना?"

"गोळी उडाली की बोटांचा घाम जळून जातो. क्वचितच निघतो."

"मग दर गुरुवारी विचारायला येतो."

"फोन करा की."

"फोनवर तुम्ही चिडलेल्या दिसत नाही ना—"

आगाऊ कुठला. पण पुढचे दोन गुरुवार मी केस जरा नीट विंचरून गेले, हे खरं.

तिसऱ्या गुरुवारी गोंदाच्या वाफेत पुंगळीवर पांढऱ्या रेषा उठल्या; झटपट चिकटणारा गोंद तापवला की त्याची वाफ ठशावर बसते. अर्धाच अंगठा, पण स्वच्छ. आमचा नियम असा, की आधी तपासातल्या माणसांचे ठसे घेऊन ते वगळायचे. प्रशील आलाच होता. मी त्याच्या अंगठ्याला शाई लावली.

"हात सैल सोडा. फिरवायचं काम माझं."

"सोडलाय की..."

कसला सोडलाय. तीनदा नुसता फराटा उठला. चौथ्यांदा ठसा उमटला, मी भिंगातून पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं. पुंगळीवरचा अंगठा त्याचाच होता. जबाबात तर त्याने हातमोजे घातल्याचं लिहिलं होतं. हे वर कळलं की त्याच्या नोकरीवरच येणार.

"मन्हाच शे ना? माझाच ना?" त्याने हळूच विचारलं. "शेतात पाणी सोडलेलं होतं. पुंगळी वाहून जाईल म्हणून तशीच उचलली... आणि मग घाबरलो. लिहा तुम्ही."

"अहो, पण नोकरी—"

"माझ्यासाठी तुम्ही खोटं लिहिलंत, तर परत कुठल्या तोंडाने येऊ इथे?"

मी खरं तेच लिहिलं. नोकरी वाचली, पण शिक्षा म्हणून त्याची मुक्ताईनगरला बदली झाली. आठ महिने फोन नाही. गुरुवार आला की मी दाराकडे बघायचे आणि स्वतःवरच चिडायचे. फार आवडायला लागला होता तो मला.

मग एका गुरुवारी तो आला. हातात पाकीट नव्हतं.

"आज काय काम?"

"तुम्हाला बघायचं होतं. नियमात बसतं का?"

"आधी जेवायला बसा," मी म्हटलं आणि डबा पुढे सरकवला.

लग्नाच्या नोंदणीला अंगठे घेतले, त्यालाही आता सहा वर्षं झाली. त्याचा पहिल्याच फटक्यात उमटला. माझा मात्र दोनदा पुसट आला, कारकून वैतागला.

प्रशील कानाशी वाकून म्हणाला, "मॅडम... हात सैल सोडा."