खालनं दिसणारं चित्र

कडेगावच्या पुढं डांबरी रस्ता सोडून उसात शिरलं, की शिवांजलीचं घर लागतं. नवरा जयराज फौजेत, तिकडं वर बर्फात. घरात ती आणि सासू शालूबाई, दोघीच. शिवांजली पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरबसल्या करायची. कुणाचा व्हिडिओ कॉल अडला, की त्याला फोनवरून वाट दाखवायची. ‘मला ते दिसतात, पण मी त्यांना दिसत नाही’ ही तक्रार तर रोजचीच. तिला त्यात नवल असं काही उरलंच नव्हतं.

पौषातली संध्याकाळ होती. वीज आली म्हणून शालूबाई मोटर चालू करायला विहिरीवर गेल्या होत्या. ऊन उसाच्या शेंड्यांवरून उतरत होतं आणि कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोडसर, करपट वास पुढच्या सोप्यापर्यंत येत होता. लॅपटॉप वाजला. जयराज होता. कानटोपी घातलेला, थंडीनं गाल उललेले, पण हसरा.

“दिसतोय का मी?”

“लख्ख दिसताय.”

“तू न्हाई दिसत मला. नुसता अंधार हाय.”

शिवांजलीला हसू आलं. “थांबा. ह्याच कामाची भाकरी खाते मी.”

दुसरं कोणतं ॲप कॅमेरा अडवून बसलंय का, ते तिनं बघितलं. परवानगी तपासली. कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला. कोपऱ्यातल्या चौकोनात तिला तिचा चेहरा नीट दिसत होता, कपाळावरच्या टिकलीसकट.

“आता?”

“आता थोडं उजळलं,” जयराज डोळे बारीक करून म्हणाला. “वर गोल उजेड हाय. आभाळ वाटतंय. भवतीनं दगडी बांधकाम... तू कॅमेरा कुठं धरलायस?”

“कुठं न्हाई. टेबलापाशी बसलेय मी.”

“मग हे पाणी कशाचं हलतंय?”

तिनं लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर अंगठा दाबून धरला. कोपऱ्यातला तिचा चेहरा काळा झाला. “आता काय दिसतंय?”

“तसंच हाय.”

तिनं कॅमेरा पुरता बंद करून टाकला. “आणि आता?”

“आगं, तसंच हाय.”

इतक्या वर्षांत असं कुणी सांगितलं नव्हतं. कॅमेरा बंद असताना चित्र जातंय कुठून? ती कान देऊन बसली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की बाहेर फार शांत आहे. मोटरची घरघर एव्हाना ऐकू यायला हवी होती.

“शिवा...” जयराजचा आवाज खाली आला. “पाण्यातनं वर बघितल्यागत हाय सगळं. दोन पाय दिसत्यात... लोंबकळत. एका टाचेला पिवळं फडकं बांधलंय.”

सकाळीच शालूबाईंच्या भेगाळलेल्या टाचेला तिनं हळद लावून फडकं बांधलं होतं. जयराजला ते कुणी सांगितलं नव्हतं.

ती उठली ती अनवाणीच पळत सुटली. उसाची पाती गालावर सपासप लागत होती. शेजारच्या रानात चुलतदीर कृष्णात वैरण कापत होता. “भावजी, विहीर... आत्या...” एवढंच तिच्या तोंडून निघालं. कृष्णातनं बैलाचा कासरा उचलला आणि तिच्या मागं धावला.

शालूबाई गळ्याएवढ्या पाण्यात होत्या. मोटरच्या पाइपाला दोन्ही हातांनी मिठी मारलेली, ओठ निळे पडलेले. ओरडून ओरडून आवाज बसला होता. कृष्णात पायऱ्यांवरून उतरला, त्यांच्या कमरेला कासरा बांधला. वरून शिवांजलीनं ओढलं, खालून त्यानं रेटलं. शालूबाई काठावर आल्या तेव्हा सुनेच्या मांडीवर डोकं टेकून नुसत्या श्वास घेत राहिल्या.

मागच्या दारानं त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं. कोरडं लुगडं, दोन गोधड्या, पेटती चूल. चहाचे दोन घोट पोटात गेले आणि शालूबाई पहिलं बोलल्या, “माजी एक चप्पल गेली गं पाण्यात.” शिवांजलीला रडू फुटलं आणि रडता रडताच ती हसायला लागली.

“पायरीवरनं घसरल्यावर एवढा येळ कशा टिकलासा, चुलती?” कृष्णातनं विचारलं.

“पायाखाली आधार हुता की.”

“पाइपाच्या अंगाला कसला आधार? तिथं तळ लागत न्हाई.”

“दगूड न्हवता,” शालूबाई चुलीकडं बघत म्हणाल्या. “मऊ हुतं. तळव्याखाली हात धरल्यागत.”

कृष्णातनं कासरा गोळा केला आणि धारा काढायच्या म्हणून निघून गेला.

शिवांजली सोप्यात आली. कॉल अजून सुरूच होता. ती पुढच्या दाराकडं पाठ करून खुर्चीत बसली, कॅमेरा लावला. पडद्यावर जयराजनं तोंडावरचे हात काढले.

“दिसलीस बाबा,” तो म्हणाला. “आई?”

“हाय. च्या पितीय.”

शालूबाई गोधडी पांघरून, कपबशी सांभाळत आल्या आणि समोरच्या पलंगावर टेकल्या. मायलेक बराच वेळ बोलले. चपलेचं बोलले, टाचेचं बोलले. सगळी जणं जागच्या जागी होती. एवढं पुरे होतं.

मग जयराज अडखळला. “शिवा... आईला काढल्यावर विहिरीत कोण उतरलं हुतं का?”

“न्हाई. का वं?”

“आई वर गेली, तरी चित्र सुरूच हुतं. मग ते बी वर आलं. पायरी... पायरीनं. ऊस दिसला. आंगण दिसलं. तू खुर्चीत येऊन बसलीस, ती मला आधी पाठमोरी दिसलीस. मग तू कॅमेरा लावलास आन् तोंड दिसाय लागलं.”

शिवांजलीनं मान वळवली नाही.

शालूबाईंनी बशीवर फुंकर घातली. तिच्या खांद्यावरून त्या पुढच्या दाराकडं बघत होत्या.

“उंबरा वला झालाय,” त्या हळूच म्हणाल्या. “आपण तर मागच्या दारानं आलो.”

“आत्या...”

“ऱ्हाऊ दे. मला धरून धरून गारठली आसंल.” शालूबाईंनी गोधडी सारखी केली. “तेवढं दार लावू नगंस.”