उलटा छापलेला फोटो

स्वतःच्याच तोंडावर कोयता चालवायची वेळ फार थोड्या मुलींवर येत असेल. माझ्यावर आली… आणि तीही बुऱ्हाणपूरच्या शनवारा चौकात, भर बाजारात, भाजीच्या हातगाडीवर चढून.

दोन खांबांच्या मध्ये मी टांगलेली होते. रिक्षाएवढी मोठी, हातात धनुष्य, ओठांवर हसू आणि डोक्यावर लाल अक्षरं — ‘बुरहानपुर की बेटी, फिर चली सोने की ओर!’ बाजूला हात जोडून उभे असलेले यादवकाका, जवळजवळ माझ्याच आकाराचे.

कुठे चली? कोण चली? मला कुणी विचारलं होतं?

भुरभुर पाऊस चालू होता. केळीच्या कोयत्याने मी पहिली दोरी कापायला घेतली, तेवढ्यात खालून आवाज आला.

“ओ मॅडम! उतरा ना प्लीज. गाडी सरकली तर गिर जाओगी!”

खाली चष्मा लावलेला एक उंच मुलगा हातगाडी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होता. त्याच्या बोटांवर निळी-गुलाबी शाई होती.

“तुम्हाला काय करायचंय?” मी ओरडले.

“मला काहीच नाही. फक्त… तो फ्लेक्स माझा आहे.”

“फोटो माझा आहे!”

त्याने वर फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. “अरे… तुम्ही रंजिता! फोटोत तर हसताय.”

“फोटोग्राफरने हसवलं होतं. हे तुम्ही छापलंत?”

“हो. मी निरंजन. ते समोर आपलं दुकान.” त्याने हनुवटीनेच दाखवलं, कारण हात गाडीला होते. “काही चुकलं का?”

“मी उजव्या हाताने दोरी ओढते. इथे डाव्या हाताने ओढतेय. मी डावखुरी कधीपासून झाले?”

तो कानापर्यंत लाल झाला. “ते काय झालं ना… फोटो सरळ लावला तर तुमचा बाण थेट यादवकाकांच्या पोटात घुसत होता. मग मी फोटो उलटा केला.”

मला हसू आलं. ऐन संतापात हसू येणं यासारखा दुसरा अपमान नाही. ते दाबण्यासाठी मी आणखी जोरात ओरडले, “मग घुसू द्यायचा होता!”

यादवकाका म्हणजे आबांचे, माझ्या वडिलांचे, लंगोटीयार. त्यांना पुढच्या निवडणुकीत नगरसेवक व्हायचं होतं, म्हणून त्यांना माझा सत्कार करायचा होता. रविवारी शाल-श्रीफळ देऊन ते स्टेजवरून जाहीर करणार होते, की रंजिता तिरंदाजीच्या शिबिरात परत चालली. आबांनी मान डोलावली होती. मी मात्र संक्रांतीलाच शिबिर सोडून घरी आले होते आणि परत जाणार नव्हते. हे मी आबांना किती वेळा सांगितलं असेल! ते म्हणायचे, “होतं असं. जरा आराम कर.” एकदा स्टेजवर घोषणा झाली की मला गाडीत बसवून देणार, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले तर कापलेल्या दोरीच्या जागी नवी दोरी! कोयता हातात घेऊनच मी तडक त्या दुकानात शिरले. मशीनमधून कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बाहेर येत होता.

“खाली घ्या तो.”

“रविवारपर्यंत टांगून ठेवायचा शब्द दिलाय हो काकांना.”

“शब्द देताना माझा विचार नाही आला?”

“तेव्हा तुम्ही फोटो होतात,” तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून गडबडीने बाहेर ओरडला, “भैया, दो मावा जलेबी!” मग माझ्याकडे वळून, “तोंडात मावा जलेबी असली ना की माणसाला भांडता येत नाही.”

“मला येतं,” मी म्हणाले, आणि तोंड भरलेलं असताना भांडून दाखवलं.

तो हसला नाही. पाक लागलेली बोटं तशीच धरून त्याने विचारलं, “पण खरंच नाही जाणार? का बरं?”

का कोण जाणे, मी सांगितलं. दोरी ओढते, समोर ते पिवळं वर्तुळ दिसतं, आणि… बोटं उघडतच नाहीत. सोड, सोड म्हणते स्वतःला, आणि हात दगडाचा होतो. छाती धडधडते, घामाने पाठ भिजते. आधी फक्त स्पर्धेत व्हायचं, मग सरावात, मग नुसतं धनुष्य बघितलं तरी. झोप गेली. जेवण गेलं. प्रशिक्षक म्हणाले नाटकं आहेत. माय रोज मीठ-मोहरीने दृष्ट काढते. शेजारची कोकिळाकाकू म्हणते, लग्न करा हिचं. इंदूरच्या एकाच डॉक्टरबाईंनी सांगितलं, की हा आजार आहे, आळस नाही. गोळ्या दिल्या, बोलतं केलं.

“पायाला प्लास्टर असतं ना, तर हीच सगळी माणसं मोसंबी घेऊन आली असती!” मी म्हणाले.

निरंजनने हळूच विचारलं, “मेडिटेशन करून बघितलंत?”

झालं! उरलेली जलेबी मी त्याच्या टेबलावर आपटली. “अजून एक डॉक्टर! हा बाजार आहे का दवाखाना? जो उठतो तो इलाज सांगतो!” आणि पावसात तशीच निघाले.

संध्याकाळी मी राजघाटावर बसले होते. तापी दुथडी भरून, मातकट, धुसफुसत चालली होती. अगदी माझ्यासारखी. मागून कुणीतरी खोकलं.

“कोयता विसरलात दुकानात.” निरंजन. त्याने कोयता वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता, मूठ माझ्याकडे करून. “आणि मी चुकलो. मी ते विचारायलाच नको होतं. दुसरंच विचारायला हवं होतं.”

“काय?”

“तिकडे जायचं नाही, हे कळलं. मग… करायचं काय आहे तुम्हाला?”

इतक्या महिन्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. ना आबांनी, ना मायने. मला एकदम रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

“केळी,” मी म्हणाले. “आबांचा मळा मला बघायचाय. घरी आल्यापासून तिथेच असते मी. तिथे गेलं की झोप लागते मला. पण आबा म्हणतात, तुला या चिखलातून बाहेर काढायला जन्म घालवला मी, आणि तू परत चिखलात?”

निरंजन माझ्यापासून एक पायरी खाली बसला. “माझे पप्पा नेपानगरला कागदाच्या गिरणीत. जिंदगीभर कागद बनवला त्यांनी. आणि मी छापतो प्लास्टिकवर. दिवाळीला स्टेशनवर मला घ्यायला येतात, पण दुकानाचं एक अक्षर विचारत नाहीत.”

कागदवाल्याचा मुलगा प्लास्टिकवर! मला हसू फुटलं. या वेळी मी ते दाबलं नाही. तो वळून बघत राहिला… जरा जास्तच वेळ. मी पदर नसताना पदर सावरला आणि म्हणाले, “नदी तिकडे आहे.”

“हो ना,” तो म्हणाला. नदीकडे मात्र बघितलं नाही.

रविवारी शनवाऱ्यात मांडव उभा राहिला. पाठीमागे पडदा म्हणून तोच फ्लेक्स. शाल झाली, नारळ झाला, भाषण झालं. मग यादवकाकांनी कुठून तरी मागवलेलं धनुष्य माझ्या हातात ठेवलं. बाजूच्या मोकळ्या भिंतीला फुगे लावले होते.

“बस एक बाण, बेटी! बुरहानपुर देखना चाहता है!”

टाळ्या. सगळे मोबाइल वर झाले. पहिल्या रांगेत आबा, नवं धोतर नेसून, डोळ्यांत पाणी घेऊन बसलेले. त्या पाण्यासाठी मी दोरी ओढली.

आणि हात दगडाचा झाला.

फुगा लाल होता. छातीत ढोल वाजत होता. दोरी बोटांत रुतत होती, घाम डोळ्यांत उतरत होता. “अरे छोड ना!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला. मांडवाच्या खांबाला टेकून निरंजन उभा होता. सगळ्या गर्दीत त्याच्या एकट्याच्या हातात मोबाइल नव्हता. तो फुग्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. त्याने काही खुणावलं नाही, नुसता उभा राहिला.

मी दोरी हळूहळू परत आणली. बाण न सोडता. धनुष्य खाली ठेवलं आणि यादवकाकांच्या हातातून माइक ओढून घेतला.

“आबा!” माझा आवाज मलाच परका वाटला. “घड कापल्यावर त्या केळीच्या खोडाला तुम्ही म्हणता का, की आणखी एक घड दे? त्याच्यासमोर ढोल वाजवता? शाल घालता? नाही ना! खोड तोडता आणि बुंध्याशी फुटलेलं नवं पिल जपता. माझा घड देऊन झालाय, आबा. पदकं भिंतीवर आहेत. आता किती दिवस खोडाला पाणी घालणार? मला दवाखाना चालू आहे, डोक्याचा. हो, डोक्याचाच! मी पागल नाही, मी दमलेय. मी शिबिरात जाणार नाही. मला मळ्यात यायचंय. तुमच्या मळ्यात!”

यादवकाका घाम पुसत आबांकडे बघू लागले, “गिरधर, समजाव ना तिला…”

आबा उठले. मला वाटलं, आता निघून जातील. ते स्टेजवर आले. माझ्या खांद्यावरची शाल काढून त्यांनी घडी घातली आणि यादवकाकांच्या हातात ठेवली. “काय समजावू, यादव? केळीतलं आहे ते. बरोबर बोलली ती.” मग माझ्याकडे न बघता, “घरी चल. उद्या जादा पिलं काढायची आहेत. लवकर उठावं लागतं.” पायऱ्या उतरताना थांबून म्हणाले, “आणि त्या फ्लेक्सवाल्याला सांग, गोठा गळतोय. तो पडदा आणून दे म्हणावं.”

निरंजन आला तो फ्लेक्स स्कूटरवर बांधून. जुन्या फ्लेक्सला आमच्याकडे दुसरं भविष्य नसतंच. आबांनी शिडी धरली, त्याने वर चढून तो ताणून बांधला. छपाईची बाजू आत. आता माझा हसरा चेहरा दोन म्हशींकडे बघत होता.

“शेतीतलं काय कळतं?” आबांनी त्याला विचारलं.

“काहीच नाही.”

“मग बरं. ही शिकवेल… ओरडून.” आणि आबा मोटर बघायला गेले. मोटर तर बंदच होती.

फ्लेक्सवर पाऊस ताडताड वाजत होता. मी कोपऱ्यात उभी राहून कोयत्याला लागलेला चीक पुसत होते. गोळ्या चालूच होत्या, अधूनमधून एखादी रात्र अजून वाईट जायची. पण सकाळी हाताला काम होतं.

“एक सांगायचं होतं,” निरंजन म्हणाला. “रागावणार नाही ना?”

“रागावणार.”

“तो फोटो… यादवकाकांना दुसऱ्या बाजूलाही टाकता आलं असतं. बाण मोकळाच गेला असता.”

“मग?”

“सरळ फोटोत तुमची नजर रस्त्याकडे जात होती.” त्याने चष्मा काढला, पुसला. “उलटा केला तेव्हा ती… माझ्या दुकानाकडे आली.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. पोटातून राग उसळून आला, आणि ओठांपर्यंत येता येता त्याचं काहीतरी वेगळंच झालं.

“म्हणजे तुझ्या दुकानाकडे बघावं म्हणून तू मला अख्ख्या गावासमोर डावखुरी केलीस?”

“तुझ्या?” त्याने विचारलं. “तू?”

“विषय बदलू नकोस! आवडते म्हणून तोंडाने सांगता येत नव्हतं? त्यासाठी प्लास्टिक कशाला?”

“आवडतेस,” तो म्हणाला. “खूप. ओरडतेस तेव्हा तर फारच.”

“मलाही,” मी ओरडले. दोन्ही म्हशींनी मान वर केली.

उजव्या हातात कोयता होता, म्हणून मी डाव्या हाताने त्याचा हात धरला.