लाल ठिपक्याची मालकीण

कॉर्मकला मी पहिल्यांदा भेटले ती भांडायलाच. विनिपेगच्या थंडीतून ऑफिसात शिरून बुटांवरचा बर्फही झटकला नव्हता, तोच माझ्या स्क्रीनवर लाल ठिपका उमटला. त्याचा माग काढत मी थेट त्याच्या टेबलापाशी पोचले.

आमचं ॲप शेजाऱ्यांना शिड्या, करवती, बर्फाची फावडी उसनी मिळवून देतं. माणूस ॲपमध्ये काय काय करतो याच्या नोंदी होतात. कुठली नोंद नेमकी केव्हा व्हायची, हे ठरवून लिहून ठेवणं माझं काम; त्याप्रमाणे ती ॲपमध्ये बसवणं कॉर्मकचं. लिहिल्याप्रमाणे झाली नाही, की माझ्या नावावर लाल ठिपका.

"'आभार मानले' ही नोंद तू स्क्रीन उघडल्याबरोबर करतोयस," मी म्हणाले. "लोक नुसते डोकावून परत जातात. आभार पाठवले, की मगच नोंद."

"डोकावला म्हणजे मनात आलं असणारच ना?"

"मनातलं नाही मोजत आम्ही."

"अरेरे," तो म्हणाला — आणि हसला. डाव्या गालावर खळी पडली, आणि हातातच असलेले हातमोजे मी शोधत बसले.

त्यानंतर ठिपके वाढतच गेले, आणि सगळे त्याच्याच कामातले. मी जायची, तो खुर्ची पुढे सरकवायचा. मी समजावायची, तो माझ्या डब्यातली बटाट्याचं सारण भरलेली पेरोगी पळवत ऐकायचा. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं... आणि धडकीही भरायला लागली होती.

कारण मी कंत्राटावर होते. आमची प्रमुख लॉरेन शुक्रवारी ठरवणार होती, मला कायम करायचं की नारळ द्यायचा. मन चिंती ते वैरी न चिंती. लिहिलेली प्रत्येक ओळ मी पुन्हा पुन्हा घासूनपुसून लिहिली, तरी ठिपके थांबेनात.

गुरुवारी मी त्याला विचारलंच. "माझं लिहिलेलं कळत नाही का रे? खरं सांग. या ठिपक्यांपायी उद्या मला काढतील."

हातातली पेरोगी त्याने डब्यात परत ठेवली. "काढतील? तू कायम नाहीस?"

"नाही."

त्याने खुर्ची स्क्रीनकडे वळवली. थट्टा नाही, खळी नाही. मला वाटलं, संपलं... यालाही आता माझी दया येतेय.

शुक्रवारी बैठकीत लॉरेनने ठिपक्यांचा आलेख भिंतीवर लावला.

"हालिना, एवढे?"

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत कॉर्मक उभा राहिला. "तिचं लिखाण चोख आहे. पहिला ठिपका माझी चूक. बाकीचे मी मुद्दाम पाडले."

"मुद्दाम? कशासाठी?"

"ठिपका पडला की ती येते."

कुणीतरी खोकलं. लॉरेनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं तर नोकरी तुझी जायला हवी."

"हो. पण तिची नको."

लॉरेनने चष्मा परत चढवला. "हे सगळे ठिपके तू निस्तर. आणि हिवाळा संपेपर्यंत सुट्टीच्या दिवशीचे बिघाडही तुझ्याकडे. हालिना, तुझे कायम नोकरीचे कागद सोमवारी देते."

संध्याकाळी खाली आले, तर तो माझ्या गाडीपाशी उभा. इंजिन गोठू नये म्हणून खांबावरच्या विजेच्या प्लगला लावलेली वायर सोडवत होता.

"माझा जीव टांगणीला लावलास तू," मी म्हणाले. आवाज रागाचा काढायचा होता, निघाला रडवेला.

"माहीत नव्हतं गं. चुकलो." तो माझ्याकडे बघत राहिला... नुसता बघतच राहिला.

"हे डोकावणं झालं," मी म्हणाले. "याची नोंद होत नाही."

त्याने वायर गुंडाळली. सोडली. उगाच पुन्हा गुंडाळली.

"हालिना — मला तू आवडतेस. पहिल्या ठिपक्यापासून."

माझ्या पापण्यांवर पाणी गोठायला लागलं होतं. मी हातमोजा काढला आणि त्याचा हात धरला.

"झाली नोंद," मी म्हणाले. "आता परत ठिपका पाडलास तर बघ. मी तशीही येणार आहे."