सहावी पायरी सोड

खरं सांगतो, खोटं निघालं तर जीभ झडंल माझी. आता मी सोता तिथं नव्हतो, हे बी खरं. जळबा व्हता. जळबा खोटं बोलतो, पन दिवसा. रातीचं तो खरंच सांगतो, कारन रातीचं त्याला भ्या वाटतं.

सेवा, ती टॉर्च बंद कर अगुदर. नवे सेल कशाला जाळून राहिला? भुताला तुझं तोंड दिसावं म्हनून?

हां. तर साल चौऱ्याहत्तर. पोळा झाला, दुसरा दिवस करीचा. जळबा ह्याच कनेरगाव नाक्यावर ट्रकची वायरिंग करायचा. त्याला जवळा बाजारहून बोलावनं आलं. किसनराव म्हनून कापसाचा अडत्या, त्याच्या जिन्याला लाइट लावायची व्हती.

ह्या किसनरावाला मानूस म्हनायला माझी जीभ वळत न्हाई. खाली दुकान, वर माडी, मधी लाकडी जिना, नऊ पायऱ्यांचा, आन त्याच्यावर ठार अंधार. बायको सत्यभामाबाई दहा वर्षं सांगून थकली, की एक बल्ब लावा. हा म्हने, नऊच तर हायत, मोजत चढ. सोता वर लोळून असायचा. चहा पायजे असला की पितळी लोटा फळीवर आपटायचा. दोनदा. ठक ठक. हाक मारायला बी तोंड दुखायचं त्याचं. मंग ती बाई खालून कपबशी घेऊन अंधारात चढायची.

एका राती सहाव्या पायरीवरून पाय निसटला. कप फुटला. बाईची मान मोडली. तेराव्याला लोक जमले तर हा काय सांगतो, सहा कपांचा सेट व्हता, मोडला आता.

हसू नको रे. असेच लोक लग्नात पुढच्या पंगतीला बसतात.

सहा म्हैन्यात ह्याला दुसरी बायको पायजे झाली. पोरगी डोंगरकडा गावची. पोरीचे वडील नामाजी, त्यांनी सारं ऐकलं व्हतं. त्यांनी अट घातली. जिन्यावर उजेड कर, मी एक रात मुक्काम करून पाहतो, बराबर वाटलं तर सकाळी सुपारी फोडू. न्हाई तर माझं लेकरू माझ्या घरी.

मंग ह्यानं डोकं चालवलं. बल्ब रातभर कशाला जळावा? पाय ठेवला की लागावा, उचलला की विझावा. जळबा म्हने, सोपं हाय. ड्रायवरनं ब्रेक दाबला की ट्रकच्या मागं लाल लागतं न्हाई का, तोच स्विच एकेका पायरीखाली बसवू. बल्ब ट्रकचे, बॅटरी ट्रकची, काचा बी ट्रकच्याच, लाल. स्प्रिंगा मुद्दाम कडक ठेवल्या. मांजर गेलं, उंदीर गेला, तर लागू नये. मानसाचंच वजन पायजे.

बसवताना पाहतो तर स्विच आठच. नववा नाक्यावरून आनावा लागंल, म्हनला जळबा. किसनराव पान चावत म्हने, "सहावी पायरी सोड. तिच्यावर आता कोन पाय ठेवून राहिलं?"

जळबानं सोडली. पन त्या पायरीच्या फटीत त्याला एक तुकडा सापडला. कपाचा कान. पांढरा, वर निळी रेघ. ह्यानं खिशात टाकला. काहून टाकला, ते त्याला बी सांगता येत न्हाई. वायरमन लोकाला खिशात काही टाकायची खोडच असते.

सांजच्याला नामाजी चढून पाहून आले. लागलं, विझलं, लागलं, विझलं. सहावी तेवढी किसनरावानं ओलांडायला लावली. म्हातारा खूश. जिना चढून राहिलो का ट्रकच्या मागं चालून राहिलो, येवढंच इचारलं. मंग किसनराव वर झोपला. नामाजी आन जळबा खाली दुकानात, जिन्यासमोर. दाराला आतून कडी. घरात चौथं मानूस न्हाई.

दुकानातल्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली.

वरून आवाज आला. ठक ठक.

नामाजी उठून बसले. म्हने, हे काय? जळबा म्हनला, चहा मागून राहिला. झोपंतली सवय.

नामाजी म्हने, "कुनाला?"

जळबानं दाराची कडी पाहिली.

मंग अद्रकाचा वास आला. स्टो तर बंद...

पहिली पायरी लागली. लाल.

इझली. दुसरी लागली.

जिन्यावर कोनी न्हाई. पायाचा आवाज न्हाई. कपबशी तेवढी वाजून राहिली. बारीक... अंधारात जपून चढावं तशी.

तिसरी.

चौथी...

पाचवी लागली. आन लागूनच राहिली. पुढं अंधार. ती थांबली.

नामाजींनी जळबाचं मनगट धरलं. सोडलंच न्हाई.

वर किसनराव जागा झाला व्हता. त्याला दिसलं. आता एखादा रडला असता. माफी मागितली असती. हा काय म्हनला माहीत हाय?

"तिथंच ठेव. सहावीवर लाइट न्हाई."

...

पाचवी इझली.

...

सहावी लागली.

स्विच न्हाई. बल्ब न्हाई. वायर बी न्हाई... लाल.

मंग लोटा गडगडत खाली आला. नऊच्या नऊ पायऱ्यांवर आपटत. एक बी बल्ब लागला न्हाई. लोट्याला वजन किती असनार.

उजाडायच्या आत नामाजी डोंगरकड्याच्या रस्त्याला लागले. अनवानी. सुपारी खिशात तशीच. किसनराव वरून उतरायला तयार न्हाई. शेवटी मागच्या खिडकीला शिडी लावून पोतं उतरवतात तसा उतरवला. आजबी शिडीनंच चढतो. लग्न न्हाई झालं. चहा बी सोडला म्हनतात, ते मी मानत न्हाई, फुकटचा पाजला तर पिईल.

आन त्या सकाळी सहाव्या पायरीवर कप व्हता. भरलेला. वाफ निघून राहिली व्हती. निळ्या रेघंचा, कान नसलेला. त्या कपाचे तुकडे गावानं उकिरड्यात पडलेले पाहिले व्हते. जळबानं खिशातला कान काढून लावून पाहिला. रेघंला रेघ मिळाली.

कप तिथंच ठेवला त्यानं. कान मला दिला. हा बघ. घे हातात, चावत न्हाई.

गरम लागतो ना?

पाच वर्षं झाली, असाच लागतो.

दे परत. आन गोष्ट काही फुकट न्हाई, सेवा. ती टॉर्च हिकडं आन. मला माडीवर झोपायला जायचं हाय, आन माझ्या जिन्याला लाइट न्हाई.

सेल काय काढून राहिला? सेलासकट.